सॉफ्टवेअर बंद झाले, गाण्यांचे काय?

मुलुंडमधली एक मराठी शाळा डोळ्यांसमोर आणा. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी संगीताच्या बाई मुलांची समूहगीते बसवतात. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत भिंतींना सतरंज्या टांगून घुमारा कमी करायचा, दोन लोकलगाड्यांच्या मधली शांतता गाठायची आणि गाणे संगणकावर ध्वनिमुद्रित करायचे, असा त्यांचा परिपाठ आहे. आधी पेटी, मग तबला, मग मुख्य गायक, शेवटी कोरस. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. दहा वर्षांत अशी चाळीस गाणी जमली. एका गाण्यात आठवीतल्या एका मुलाचा आवाज आहे. तो मुलगा आता कॉलेजात आहे आणि त्याचा आवाज फुटून सप्तकभर खाली गेला आहे. ते गाणे त्या आवाजात पुन्हा कधीच ध्वनिमुद्रित करता येणार नाही.

आणि एके दिवशी बातमी येते, की ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी गाणी तयार झाली, त्याचे उत्पादन कंपनीने बंद केले आहे. आता बाईंनी काय करावे? लगेच दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे? की जुनेच चालू आहे तोवर चालवावे?

असा प्रश्न अंधेरीतल्या एखाद्या स्टुडिओच्या मालकालाही पडतो आणि घरी बसून मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करणाऱ्या शिक्षकालाही. प्रश्न दिसतो खरेदीचा. पण त्याचे उत्तर शोधताना ध्वनी, संख्या आणि बेरीज-वजाबाकी यांचे काही सुंदर विज्ञान हाती लागते. ते वर्गातही उपयोगी पडेल.

नेमके काय बंद होते?

पेटी बनवणारा कारखाना बंद पडला म्हणून घरातली पेटी दुसऱ्या दिवशी मुकी होत नाही. तसेच सॉफ्टवेअरचे. बंद होते ते पुढचे काम: नव्या आवृत्त्या, दोषांची दुरुस्ती आणि विक्री. संगणकावर असलेली प्रत चालतच राहते.

मात्र पेटी आणि सॉफ्टवेअर यांत एक मोठा फरक आहे. पेटी टेबलावर ठेवली, तर टेबल स्वतःहून बदलत नाही. सॉफ्टवेअर ज्या टेबलावर बसलेले असते, ते, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, सतत बदलत असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलची कॅटालिना ही कार्यप्रणाली आली आणि तिच्यावर ३२ बिटांची सर्व जुनी सॉफ्टवेअर चालेनाशी झाली. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. जुने सॉफ्टवेअर बिघडत नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

दुसरा धोका परवान्याचा. अनेक सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसवताना इंटरनेटवरून कंपनीची संमती घेतात. काहींना ही संमती ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते. संमती देणारा कंपनीचा संगणकच बंद झाला तर? स्वरलेखनाच्या 'फिनाले' या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे असेच झाले असते. पस्तीस वर्षांनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मेकम्युझिक कंपनीने ते बंद केल्याचे जाहीर केले आणि वर्षभरानंतर नव्या संगणकावर त्याला संमती मिळणार नाही, असेही सांगितले. वापरणाऱ्यांनी गलका केला, तेव्हा कंपनीने ही अट मागे घेतली. पण गलक्यावर भरवसा ठेवून नियोजन करता येत नाही.

एकाच बातमीचे दोन शेवट

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात गाजलेले उदाहरण 'केकवॉक'चे. ग्रेग हेंडरशॉट यांनी अमेरिकेत १९८७ मध्ये ते सुरू केले. त्याची 'सोनार' ही मालिका २००१ मध्ये आली. कंपनी आधी रोलँडकडे आणि २०१३ मध्ये गिटारसाठी प्रसिद्ध असलेल्या गिब्सनकडे गेली. २० नोव्हेंबर २०१७ रोजी गिब्सनने केकवॉकचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. जगभरचे वापरणारे हादरले. कित्येकांनी घाईने दुसरी सॉफ्टवेअर विकत घेतली.

पुढे काय झाले? तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सिंगापूरच्या बँडलॅब कंपनीने केकवॉकची मालमत्ता विकत घेतली आणि एप्रिलमध्ये तेच सॉफ्टवेअर मोफत वाटायला सुरुवात केली! ज्यांनी घाई केली त्यांचे पैसे गेले, असे वाटेल. पण थांबा. २०२३ मध्ये नव्या 'सोनार'ची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये ते मोफत मिळणारे जुने रूप बंद करत असल्याचे जाहीर झाले. म्हणजे आठ वर्षांत त्याच गाण्यांच्या मालकांपुढे तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला. या वेळी नव्या सोनारचे मोफत रूप पुढे होते आणि ते जुन्या फाइली उघडते, एवढाच दिलासा.

आता दुसरे उदाहरण. जर्मनीची इमॅजिक कंपनी 'लॉजिक' हे सॉफ्टवेअर बनवत असे. जुलै २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरपासून लॉजिकचे विंडोजवरचे रूप बंद केले. येथे कोणी वाचवायला आले नाही. लॉजिक आजही जोरात चालू आहे, पण फक्त ॲपलच्या यंत्रांवर.

बातमी एकच, शेवट दोन. बातमी आली त्या दिवशी शेवट कोणता होणार, हे कोणालाही सांगता आले नसते. म्हणून 'कोणी विकत घेईल का' या अंदाजावर निर्णय उभारणे चूक. मग कशावर उभारायचा? दोन्ही शेवटांत आपले नुकसान होणार नाही, अशी एखादी कृती आहे का, हे शोधायचे. ती शोधण्यासाठी आधी गाणे नेमके कुठे साठवलेले असते, ते पाहू.

गाणे कुठे आहे?

मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतारांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. संगणक त्यांचे ठरावीक अंतराने मोजमाप घेतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एखादी लहर पकडायची, तर एका आवर्तनात दोनपेक्षा जास्त मोजमापे लागतात. म्हणून सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० मोजमापे घेतात. २४ बिटांचे ध्वनिमुद्रण असेल, तर प्रत्येक मोजमापाला ३ बाइट जागा लागते.

मुलांना हे गणित घालता येईल. चार मिनिटांचे गाणे म्हणजे २४० सेकंद. ४८,००० × ३ × २४० = ३,४५,६०,०००. म्हणजे एका ट्रॅकला सुमारे ३४.५ मेगाबाइट आणि बारा ट्रॅकना सुमारे ४१५ मेगाबाइट. ही सारी मोजमापे वेव्ह या प्रकारच्या फाइलींत असतात. वेव्हची रचना १९९१ पासून सर्वांना माहीत आहे. सेकंदाला किती मोजमापे, प्रत्येकी किती बिट, किती वाहिन्या आणि मग नुसते आकडे! कोणतेही सॉफ्टवेअर ती वाचू शकते.

मग बाई 'गाणे उघडते' म्हणून ज्या फाइलीवर टिचकी मारतात, तिच्यात काय असते? तिला प्रकल्प फाइल म्हणतात आणि तिच्यात बहुधा आवाज नसतोच. तिच्यात असतात सूचना: 'तबल्याची फाइल चौथ्या सेकंदाला सुरू कर, पेटीचा आवाज थोडा कमी कर, कोरस किंचित डावीकडे ठेव, गायकाला अमुक प्लगइनचा घुमारा दे.' स्वयंपाकाच्या भाषेत बोलायचे, तर वेव्ह फाइली म्हणजे डब्यातले जिन्नस आणि प्रकल्प फाइल म्हणजे कृतीची वही. पण ही वही अशा लिपीत लिहिलेली, की ती एकाच आचाऱ्याला पुरती वाचता येते. सॉफ्टवेअर बंद होणे म्हणजे तो आचारी गाव सोडून जाणे.

मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचे सचिव होते. अशा संग्राहकांकडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या आजही वाजतात. का? कारण तबकडी वाजवायला फार थोडे माहीत असावे लागते: फिरण्याचा वेग आणि योग्य सुई. खाचेतली नागमोड हाच आवाज. साठवण जितकी साधी, तितकी ती टिकाऊ. वेव्ह फाइल या बाबतीत तबकडीची नातेवाईक आहे. प्रकल्प फाइल वाजवायला मात्र सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, सगळी प्लगइन आणि परवाना, एवढे सारे हजर असावे लागते.

सम चुकते कशी?

'मग वेव्ह फाइली तर आहेतच, त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की झाले!' असे कोणी म्हणेल. करून पाहू.

समजा, गाणे मध्यलयीतल्या त्रितालात आहे आणि लय मिनिटाला १२० मात्रांची. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांचे. तबला शून्य सेकंदाला समेवर सुरू होतो. गाण्याचा मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, उचलला आहे. तेव्हा गायक सुरू होतो चौथ्या सेकंदाला आणि आठ मात्रांनी, आठव्या सेकंदाला, समेवर येतो.

गायकाच्या फाइलीत मात्र सुरुवातीची चार सेकंदांची शांतता नाही. फाइल तो गाऊ लागतो तिथूनच सुरू होते. शांततेची नोंद प्रकल्प फाइलीत होती. दोन्ही फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवल्या, की गायक पहिल्या मात्रेलाच सुरू होतो आणि त्याची सम तबल्याच्या नवव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर खालीवर पडते! एकही सूर हरवलेला नाही, तरी गाणे मोडले आहे.

उपाय सोपा आहे. जुने सॉफ्टवेअर चालू असतानाच प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून गाण्याच्या शेवटापर्यंत, शांततेसकट, वेगळ्या वेव्ह फाइलीत काढून घ्यायचा. मग सर्व फाइली कुठेही शून्यावर ठेवा, सम समेवरच येईल.

हे दोन प्रकारे करावे. एक संच 'कोरडा', म्हणजे घुमारा वगैरे संस्कार न करता. पुढे कोणाला नव्याने मिश्रण करायचे असेल, तर उपयोगी. दुसरा संच संस्कारांसह, डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत. कारण तो घुमारा देणारे प्लगइन नव्या घरी मिळेलच, असे नाही. शिवाय पूर्ण मिश्रणाची एक फाइल. कोरड्या संचाला ४१५ आणि दुसऱ्याला ८३० मेगाबाइट, म्हणजे गाण्याला सव्वा गिगाबाइटच्या आसपास. चाळीस गाण्यांना पन्नास. सारा संसार ६४ गिगाबाइटच्या बोटभर पेनड्राइव्हवर मावतो.

मिडीचा मुद्दा वेगळा. १९८३ पासूनच्या या पद्धतीत आवाज साठवलेला नसतो. कोणता स्वर, केव्हा आणि किती जोराने वाजवायचा, एवढेच असते. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीशी तिची तुलना करता येईल. स्वरलिपीतून बंदिश कळते, गायकाचा गळा कळत नाही. मिडीने वाजवलेला तबला एखाद्या प्लगइनमधून येत असेल आणि ते नव्या ठिकाणी नसेल, तर तबल्याच्या जागी पियानो टणटणू लागतो! म्हणून मिडीची फाइल ठेवाच. पण तिचा प्रत्यक्ष आवाजही वेव्हमध्ये काढून ठेवा.

नीट उतरले का? वजा करून पाहा

नक्कल बरोबर झाली की नाही, हे कानांनी पारखणे अवघड. येथे बीजगणित मदतीला येते. कोणत्याही संख्येत तिचीच ऋण संख्या मिळवली, की शून्य उरते. आवाज हे आकडेच असल्याने त्यांनाही हा नियम लागू पडतो.

जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेले पूर्ण मिश्रण नव्यात घ्या. त्याची लहर उलटी करा, म्हणजे प्रत्येक आकड्याचे चिन्ह बदला. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार आज्ञा असते. नुसते ऐकून उलटी लहर ओळखू येत नाही. आता तिच्याबरोबर संस्कारांसह काढलेले सर्व ट्रॅक, आवाज कमीजास्त न करता, एकत्र वाजवा. सारे बरोबर असेल, तर जवळजवळ पूर्ण शांतता ऐकू येईल. जे ऐकू येते, तीच चूक! झांजा ऐकू आल्या, तर झांजांचा ट्रॅक सुटला असेल किंवा सरकला असेल.

मात्र एक अट आहे. पूर्ण मिश्रणावर आवाज दाबणारा एखादा संस्कार केलेला असेल, तर शांतता मिळणार नाही. कारण दाबणे ही नुसती बेरीज नाही. मोठ्या आकड्यांना एक न्याय आणि लहानांना दुसरा, असा तो प्रकार असतो. तपासणीपुरता तो संस्कार बंद ठेवावा.

मग बदलायचे की नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण दोन प्रश्न एकत्र बांधले होते, ते आधी सोडवले पाहिजेत. पहिला: जुनी गाणी कशी वाचवायची? दुसरा: नवी गाणी कशात करायची? पहिल्याला घाई आहे, दुसऱ्याला नाही. बहुतेक जण नेमके उलट करतात. नवे सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात घेतात आणि जुनी गाणी 'सवडीने' म्हणून ठेवून देतात. सवड मिळते तोवर संगणक बदललेला असतो.

पहिल्या कामाला वेळ किती? एका गाण्याला अर्धा तास धरला, तर चाळीस गाण्यांना वीस तास. दर शनिवारी दोन तास दिले, तर दहा शनिवार. सुरुवात जी पुन्हा ध्वनिमुद्रित करता येणार नाहीत, अशा गाण्यांपासून करावी. आठवीतल्या त्या मुलाचे गाणे पहिल्या शनिवारी. प्रती दोन कराव्यात आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतल्या किती तरी तळमजल्यांत पाणी शिरले होते. दोन्ही प्रती शाळेच्या तळमजल्यावरच्या कपाटात असून चालणार नाही.

हे झाले, की दुसरा प्रश्न शांतपणे सोडवता येतो. जुने सॉफ्टवेअर चालते आहे, त्याला वारंवार संमती लागत नाही आणि संगणकही बदलायचा नाही. मग सुरू असलेले काम त्यातच पुरे करावे. हाताला सवय झालेले साधन सोडण्याची किंमत मोठी असते. संमेलन महिन्यावर आले असताना नवे साधन शिकायला घेणे म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गाण्याची पट्टी बदलण्यासारखे आहे. पण संगणक जुना झाला असेल, संमती पुन्हा लागणार असेल किंवा दुसऱ्यांशी फाइलींची देवाणघेवाण करायची असेल, तर पुढचे गाणे नव्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू करावे. चालू गाणे मध्येच हलवू नये.

नवे निवडताना त्यात काय काय आहे, हे सगळेच पाहतात. त्यातून बाहेर कसे पडता येते, हे पाहणारे थोडे. सर्व ट्रॅक एका आज्ञेत वेव्हमध्ये काढता येतात का? कंपनी नसली तरी ते चालेल का? प्रकल्प फाइलीची रचना उघड आहे का? 'रीपर'ची प्रकल्प फाइल साध्या मजकुराची असते. ती कोणालाही उघडून वाचता येते. निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प नेता यावेत, म्हणून बिटविग आणि प्रिसोनस या कंपन्यांनी २०२३ मध्ये 'डॉप्रोजेक्ट' ही खुली रचना जाहीर केली. ती जितकी रुळेल, तितका हा प्रश्न सौम्य होईल.

शाळेच्या साध्या कामाला ऑडॅसिटी पुरते. २००० मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर मोफत असून त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने खुली सॉफ्टवेअर शिकवणारे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत आणि त्यांत ऑडॅसिटीही आहे. पण खुले म्हणून निर्धास्त राहू नये. ऑडॅसिटीनेही मार्च २०२१ मध्ये आपल्या प्रकल्प फाइलीची रचना बदलली. नवे सॉफ्टवेअर जुन्या फाइली उघडते. जुने मात्र नव्या उघडत नाही. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर असो, गाणे पुरे झाले, की त्याच दिवशी वेव्ह फाइली काढून ठेवण्याची सवय लावावी. मग सॉफ्टवेअर बंद झाल्याची बातमी ही फक्त बातमी उरते.

वर्गात करून पाहण्यासाठी

दोन विद्यार्थ्यांकडून एक टाळ्यांचा ठेका आणि एक ओळ गुणगुणून दोन ट्रॅकवर मुद्रित करा. आधी शांतता कापून आणि मग शांततेसकट फाइली काढून सम कुठे पडते, ते पाहा. नंतर एक फाइल उलटी करून तिच्याच प्रतीत मिळवा आणि शांतता ऐकवा. शेवटी एक प्रत फक्त दोन मिलिसेकंद सरकवून पुन्हा मिळवा. शांतता जाते आणि विचित्र, पोकळ आवाज येतो. असे का होते? सरकवल्यावर कोणत्या वारंवारिता नाहीशा होतात आणि कोणत्या दुप्पट होतात? दहावीच्या मुलांना आकृती काढून हे शोधता येईल. ५०० हर्ट्झपासून सुरुवात करा, म्हणजे वाट सापडेल.